यंत्र आपले, किल्ली परक्याची

१४ ऑक्टोबर २०२५ या पूर्वघोषित तारखेला मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' या कार्यप्रणालीचा नियमित सुरक्षा-पुरवठा थांबवला आणि जगभरातील कोट्यवधी संगणक एका दिवसात उघड्यावर पडले. यांपैकी एकही यंत्र त्या दिवशी बिघडले नव्हते. मुलांचे शालेय प्रकल्प, सोसायटीचे हिशेब आणि दुकानाची बिले त्यांवर आदल्या दिवसाप्रमाणेच तयार होत होती. मात्र यापुढे त्या प्रणालीत जे जे छिद्र सापडेल, ते बुजवण्याची जबाबदारी निर्मात्याने अंगावरून झटकली. २०१५ साली हीच प्रणाली बाजारात येत असताना कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने जाहीर व्यासपीठावरून तिला विंडोजची अखेरची आवृत्ती म्हटले होते. ती अखेर दहा वर्षेही टिकली नाही. २०२१ मध्येच 'विंडोज ११' येऊन उभी राहिली.

जुन्या संगणकावर नवी प्रणाली घ्यावी, तर तिची अट निराळी. 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षा-व्यवस्था यंत्रात हवी आणि प्रोसेसर साधारणतः २०१७-१८ नंतरचा हवा. ही अट पूर्ण न करणारे यंत्र कितीही ठणठणीत असो, अधिकृतपणे ते बाद! हप्ते फेडून घेतलेल्या वस्तूचे आयुष्य ती झिजल्यावर संपते, असा मध्यमवर्गीय कुटुंबाचा आजवरचा अनुभव. येथे ते सात समुद्रांपलीकडील एका परिपत्रकाने संपते. हा केवळ तंत्रज्ञांचा विषय आहे असे समजून गप्प बसणाऱ्यांनी एकच प्रश्न स्वतःला विचारावा. घरातल्या टेबलावरील संगणकाचा मालक नेमका कोण?

खरेदी कसली, हा तर भाडेकरार!

घर विकत घेणाऱ्याच्या हाती खरेदीखत पडते. त्यानंतर मूळ मालकाला दाराची कडी वाजवून 'तुम्हीच राहता ना?' असे विचारण्याचा अधिकार उरत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र हे विचारणे अखंड चालू असते. परवान्याच्या ज्या लांबलचक मसुद्याखाली ग्राहक न वाचता 'मान्य' म्हणून कळ दाबतो, त्या मसुद्यातच स्पष्ट लिहिलेले असते की प्रणाली विकलेली नसून वापरण्यापुरती दिलेली आहे.

ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या 'विंडोज एक्सपी'ने घराघरांत 'अॅक्टिव्हेशन' हा शब्द आणला. प्रणाली बसवल्यापासून तीस दिवसांत इंटरनेटवरून किंवा दूरध्वनीवर लांबच लांब आकडे सांगून कंपनीची संमती मिळवावी लागे. यंत्रातील भाग पुरेसे बदलले की पुन्हा तीच विनवणी. पुढे कागदी लेबलाची जागा 'डिजिटल परवान्या'ने घेतली. यंत्राच्या घटकांवरून त्याची एक ओळख तयार होते, ती कंपनीच्या सर्व्हरवर नोंदली जाते आणि तिच्याशी जुळले तरच यंत्र 'खरे' ठरते.

यातील खरी मेख दुकानात कोणी उलगडून सांगत नाही. तयार संगणकाबरोबर येणारा 'ओईएम' परवाना त्या संगणकाच्या मदरबोर्डशी बांधलेला असतो. विजेचा दाब वरखाली होऊन मदरबोर्ड जळणे आपल्या गावांना आणि उपनगरांना नवे नाही. हमीची मुदत उलटल्यावर दुरुस्तीवाल्याने दुसरा मदरबोर्ड बसवला, तर सामान्यतः परवानाही जुन्या बोर्डासोबत भंगारात जातो. स्वतंत्रपणे विकत घेतलेला 'रिटेल' परवाना मात्र दुसऱ्या यंत्रावर नेता येतो. हा भेद बिलावर ठळक मराठीत छापला असता, तर किती कुटुंबांचे पैसे वाचले असते!

चूक त्यांची, शिक्षा ग्राहकाला

'प्रामाणिक ग्राहकाला भीती कसली?' असा युक्तिवाद या व्यवस्थेचे समर्थक हमखास करतात. इतिहास त्याला साक्ष देत नाही. ऑगस्ट २००७ मध्ये कंपनीच्या पडताळणी-सर्व्हरवर माणसाच्या चुकीने अपुरी चाचणी झालेली प्रणाली चढवली गेली आणि पैसे मोजून घेतलेल्या हजारो प्रती बनावट ठरल्या. 'व्हिस्टा' वापरणाऱ्यांच्या काही सुविधाही बंद पडल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये पुन्हा अॅक्टिव्हेशनच्या सर्व्हरमध्ये दोष निर्माण झाला. 'विंडोज १० प्रो'चा रीतसर परवाना असलेल्यांना 'तुमचा परवाना होम आवृत्तीचा आहे' असे संदेश दिसू लागले. दोन्ही वेळा गुन्हा सर्व्हरचा होता आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता ग्राहक.

अपडेटची कथाही वेगळी नाही. ऑक्टोबर २०१८ चे मोठे अपडेट काही वापरकर्त्यांच्या वैयक्तिक फाइलीच पुसून टाकत असल्याचे उघड झाले आणि काही दिवसांतच ते मागे घ्यावे लागले. जानेवारी २०२४ मधील एका सुरक्षा-अपडेटने तर सामान्य माणसाच्या असहायतेचा कळस गाठला. असंख्य संगणकांवर ते '८००७०६४३' हा त्रुटी-क्रमांक दाखवून थांबे. कारण इतकेच की हार्ड डिस्कवरील पुनर्प्राप्तीसाठी राखलेल्या छोट्या कप्प्यात २५० एमबी मोकळी जागा नव्हती. तो कप्पा एवढा लहान कोणी केला? बहुतेक ठिकाणी विंडोजने किंवा संगणक तयार करणाऱ्या कंपनीने! पडद्यावरील संदेशातून मात्र जागा अपुरी असल्याचा बोध होत नव्हता. यावर कंपनीने सुचवलेला उपाय असा की ग्राहकाने स्वतः आज्ञावली टाइप करून डिस्कचे विभाजन बदलावे. स्वयंचलित दुरुस्ती मिळणार नाही, हेही पुढे सांगून टाकले. निवृत्त शिक्षकाने किंवा गृहिणीने डिस्कची अशी शस्त्रक्रिया करावी, ही अपेक्षा क्रूर थट्टेखेरीज दुसरे काय आहे?

त्याच वर्षी जुलैच्या अपडेटनंतर काही संगणक सुरू होताना 'बिटलॉकर'ची अठ्ठेचाळीस अंकी किल्ली मागू लागले. आपली डिस्क कूटबद्ध झाली आहे, हेच अनेक वापरकर्त्यांना माहीत नसते. ती किल्ली बहुधा त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. म्हणजे कपाट आपले, त्यातील कागद आपले आणि किल्ली मात्र परक्याच्या खुंटीला टांगलेली!

युरोपला एक न्याय, भारताला दुसरा

विंडोज १० थांबवताना कंपनीने घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, म्हणजे आणखी एक वर्ष, सुरक्षा-अपडेट देऊ केले. त्यासाठी तीन वाटा ठेवल्या. तीस डॉलर भरा, कंपनीच्या बक्षीस योजनेतील एक हजार गुण खर्च करा, किंवा मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरून आपल्या यंत्राच्या रचनेची प्रत कंपनीच्या साठवणीत ठेवा. युरोपातील ग्राहक संघटनांनी या अटींना कायद्याचा हवाला देऊन हरकत घेतली. परिणामी सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने युरोपीय आर्थिक क्षेत्रातील ग्राहकांसाठी माघार घेतली. तेथे खात्याचे बंधन उरले, पण पैसे, गुण आणि प्रत या तिन्ही अटी गळून पडल्या.

भारतीय ग्राहकासाठी मात्र त्या तशाच राहिल्या. प्रणाली तीच आणि तिच्यातील छिद्रेही तीच. फरक एवढाच की तेथील ग्राहक संघटित होता, त्याच्या हाती कायदा होता आणि तो वापरण्याची जिद्दही होती. आपल्याकडे ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ आहे. अनुचित करार म्हणजे काय, हे त्यात सांगितले आहे. जुलै २०२० पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे. डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या अधिकारा'चे संकेतस्थळही सुरू झाले. शस्त्रागार भरलेले आहे. ते उचलणारे हात कोठे आहेत?

किल्ली फिरते तेव्हा

गुजरातेतील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीला हा धडा फार मोठ्या प्रमाणावर मिळाला. रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा हिस्सा असल्यामुळे युरोपीय संघाने जुलै २०२५ मध्ये तिच्यावर निर्बंध लादले. भारताने वा अमेरिकेने असे निर्बंध घातलेले नव्हते. तरीही मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा अचानक बंद केल्या आणि ईमेलसारखी दैनंदिन साधने कर्मचाऱ्यांच्या हातून गेली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. तिच्याकडे वकिलांची फौज होती. किल्ली दूरवरून फिरवता येते, हे ज्यांना अतिशयोक्ती वाटत होते, त्यांनी हे प्रकरण विसरू नये. घरगुती परवाना आणि कारखान्याची सेवा यांचे स्वरूप भिन्न असले, तरी कळ ज्याच्या हाती, त्याचीच मर्जी चालते.

घरचा आहेर

कंपनीला धारेवर धरताना आपल्या समाजाची एक वाईट खोडही झाकता येणार नाही. संगणक जोडून देणाऱ्याकडून 'विंडोज फुकटात टाकून घेणे' ही आपल्याकडे चतुराई मानली गेली. पावती मागणारा बावळट ठरला. इंटरनेटवर काहीशे रुपयांत मिळणारे पंचवीस अक्षरांचे क्रमांक बरेचदा मोठ्या संस्थांच्या सामूहिक परवान्यांतून अवैधपणे निसटलेले असतात आणि केव्हाही रद्द होतात. 'क्रॅक' म्हणून मिळणारी साधने तर विषाणूरोधक आधी बंद करायला सांगतात. चोराने पहारेकऱ्याला सुट्टी द्यायला सांगावे आणि घरमालकाने ती आनंदाने द्यावी, त्यातला हा प्रकार! राष्ट्राच्या स्वावलंबनाची भाषा करणाऱ्याच्या घरात चोरीची प्रणाली चालत असेल, तर त्या भाषेला वजन कोठून येणार?

परवाना तपासला जाईल या भीतीने अनेक जण अपडेटच बंद ठेवतात. त्याचे मोल मोठे आहे. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक छिद्र बुजवणारे अपडेट दिले होते. ते न घेतलेल्या संगणकांवर मे महिन्यात 'वॉनाक्राय'ने जगभर धाड घातली. जूनमध्ये 'नॉटपेट्या' आला. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच तो शिरला आणि मर्स्क या जहाज कंपनीला त्याने असे जखडले की आपल्या न्हावा-शेवा बंदरातील तिच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. अपडेट नाकारणे घातक आणि अपडेटची वाट ज्याच्या ताब्यात, त्याच्यावर आंधळा विश्वास ठेवणे त्याहून घातक, असे हे दुहेरी सत्य आहे.

काय करता येईल?

आरंभ घरापासून व्हावा. 'सेटिंग्ज'मधील 'अॅक्टिव्हेशन'च्या पानावर परवान्याची स्थिती प्रत्येक कुटुंबाने एकदा तरी पाहावी. खरेदीची पावती आणि परवाना-क्रमांक शिधापत्रिकेइतक्याच निगुतीने जपावेत. मदरबोर्ड बदलण्यापूर्वी डिजिटल परवाना खात्याशी जोडलेला आहे का, हे तपासावे. बिटलॉकरची किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. मोठ्या अपडेटआधी महत्त्वाच्या फाइली वेगळ्या डिस्कवर काढाव्यात. अपडेट पाच आठवड्यांपर्यंत लांबवता येते. त्याचा उपयोग इतरांचा अनुभव कळण्यापुरता करावा, टाळाटाळीसाठी नव्हे. अपडेट अडले तर त्रुटी-क्रमांक लिहून घ्यावा, मोकळी जागा पाहावी, यंत्र पुन्हा सुरू करावे आणि पडद्यावर अवचित झळकणाऱ्या 'मदत क्रमांका'वर कदापि फोन करू नये. ती फसवणूक असते.

ज्यांची यंत्रे विंडोज ११ ने नाकारली, त्यांच्यासाठी लिनक्सची वाट खुली आहे. तिला परवाना-पडताळणी लागत नाही. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' महासंगणक घडवणाऱ्या सी-डॅकनेच २००७ मध्ये भारतीय भाषांसह 'बॉस' ही लिनक्स प्रणाली दिली. केरळच्या सरकारी शाळांतील मुले वर्षानुवर्षे मुक्त प्रणालीवर शिकत आहेत. अडचणी आहेत. आपल्या छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब आणि मराठी छपाईचे जुने फाँट विंडोजवर अडकलेले आहेत, काही प्रिंटर रुसतात. पण बहुतेक घरांची गरज पत्रव्यवहार, अभ्यास आणि इंटरनेट एवढीच असते. तेवढ्यासाठी चांगले यंत्र भंगारात का घालायचे?

शासनाचे कर्तव्य याहून मोठे आहे. संगणकाच्या खोक्यावर सुरक्षा-अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळतील, हे छापणे सक्तीचे करावे. हमीनंतर मदरबोर्ड बदलल्यास परवाना कायम राहावा. पडताळणीच्या तक्रारींसाठी मराठीसह भारतीय भाषांत बोलणारा माणूस उपलब्ध असावा. आणि युरोपीय ग्राहकाला जी सवलत दिली जाईल, तीच भारतीय ग्राहकाला त्याच दिवशी मिळावी. यांत भीक मागण्यासारखे काही नाही. पैसे मोजणाऱ्याचा हा हक्क आहे.

राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ हा आहे. संगणकाच्या परवान्याची तक्रार घेऊन तो फिरवणारे आज विरळा. एकेका शाखेत, एकेका गृहसंकुलात, एकेका महाविद्यालयात अशा तक्रारी लिहून एकत्र पाठवल्या गेल्या, तर प्राधिकरणाला त्यांकडे डोळेझाक करणे अवघड जाईल. युरोपातील ग्राहकाने यापेक्षा वेगळे काहीच केले नव्हते.