नावावर फुली

यंदाच्या अंकाचा विषय ‘तडजोड’ ठरला, तेव्हा पहिली शंका आली ती हीच: दिवाळीत हा पडखाऊ विषय कशाला? उत्तर पोलंडच्या १९८९ सालात आहे.

त्या फेब्रुवारीत वॉर्सात सॉलिडॅरिटी या स्वतंत्र कामगार संघटनेचे नेते कम्युनिस्ट सरकारसोबत गोलमेजाला बसले. समोर गृहमंत्री किश्चाक. १९८१च्या डिसेंबरात लष्करी कायदा लागला, तेव्हा याच माणसाच्या खात्यानं त्यांना डांबलं होतं. स्वकीय फितूर म्हणणार, हे उघड होतं. पण १९८८च्या संपांनी सरकारही टेकीला आलं होतं. कुणी उदार होऊन खुर्च्या मांडल्या नव्हत्या.

एप्रिलमध्ये पदरात पडलं ते तोकडंच. कनिष्ठ सभागृहाच्या ४६० जागांपैकी ६५ टक्के सत्ताधाऱ्यांना राखीव; उरलेल्या १६१ आणि सिनेटच्या १०० जागांवर खुली लढत. राज्यकर्त्यांच्या हिशेबातून एक गोष्ट मात्र निसटली. तिथं मत द्यायचं ते नको असलेली नावं खोडून. ३५ बड्या धेंडांची एक बिनविरोध यादी होती. निवडून यायला निम्म्याहून जास्त मतं हवीत, एवढीच अट. ४ जूनला लोकांनी त्यातल्या ३३ जणांवर फुली मारली. पंतप्रधान राकोव्स्की गेले, खुद्द किश्चाकही गेले. (संपादकाच्या लाल पेनाला एवढं यश कधी येत नाही.)

त्याच दिवशी बीजिंगमध्ये लोकशाहीसाठीचं आंदोलन चिरडायला रणगाडे फिरत होते. संवादाची भाषा करणारे कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झाओ झियांग तिथं आधीच बाजूला सारले गेले होते.

मग सॉलिडॅरिटीनं जे केलं, त्यानं समर्थक चिडले. रिकाम्या ३३ जागा भरता याव्यात म्हणून मतदानाच्या दोन फेऱ्यांच्या मध्येच नियम बदलायला तिनं मान डोलावली. जुलैत तिच्या काही खासदारांनी मुद्दाम मतं बाद केली, म्हणून लष्करी कायदा लादणारे जनरल यारुझेल्स्की एका मतानं राष्ट्राध्यक्ष झाले. आमच्या मते हे शहाणपणच होतं. सोव्हिएत फौजा अजून देशात होत्या. ऑगस्टमध्ये कम्युनिस्टांचे मित्रपक्ष फुटले आणि कधीकाळी स्थानबद्ध असलेले सॉलिडॅरिटीचे माझोव्येत्स्की पंतप्रधान झाले.

त्यांच्या मंत्रिमंडळात गृहखातं १९९०च्या जुलैपर्यंत किश्चाककडेच राहिलं. त्या महिन्यांत गुप्त पोलिसांच्या कितीतरी फायली जाळल्या गेल्या. गोलमेजावरून पोलंडमध्ये आजही कडाक्याची भांडणं होतात, त्यात या राखेचा हिशेब मागणाऱ्यांना गप्प बसवणं तडजोडीच्या समर्थकांनाही जमलेलं नाही.