साडेचारशेचा राजमा

परवा एका इटालियन हॉटेलच्या मेन्यूत ‘पास्ता ए फाजोली’ दिसलं. 450 रुपये, टॅक्स वेगळा! आता या भारदस्त नावाचा अर्थ काय, तर पास्ता आणि राजमा. मांस परवडत नव्हतं अशा इटालियन शेतकऱ्यांचं हे पोटभरीचं जेवण. नेपल्समध्ये तर दुकानातले उरलेसुरले, मोडके पास्ते एकत्र करून स्वस्तात विकायचे, ते यात पडायचे. आज तेच ‘पास्ता मिस्ता’ म्हणून मुद्दाम मिसळून पाकिटात मिळतात. असो.

चिडण्याचं कारण वेगळंच आहे. आम्ही चौघं मित्र दर शनिवारी बाहेर जेवायचो, बिलाचे सरळ चार भाग. मार्चमध्ये आमच्यातल्या एकाची नोकरी गेली. त्यानंतर त्याचं ‘आज पोट बरं नाही रे’ सुरू झालं. सलग तीन शनिवार! माझी ट्यूब चौथ्या शनिवारी पेटली. लाज वाटली, खरं सांगतो. मित्राला भेटायलासुद्धा माणशी सातशे रुपये लागावेत, ही सवय आपणच लावून घेतली ना?

मग घरीच सूप करायचं ठरलं. चौघांना पाव किलोला थोडा कमी राजमा पुरतो. चित्रा घ्या, तो त्यांच्या बोर्लोत्तीच्या जवळचा. रात्रभर भिजवून, पाणी बदलून, कुकरला पार मऊ शिजवायचा. यात आळस नको, अर्धकच्चा राजमा पोट खरंच बिघडवतो. कांदा, गाजर, भरपूर लसूण तेलात मंद आचेवर दहा मिनिटं परतायचं, मग तीन टोमॅटो. अर्धा राजमा रवीने घोटून आणि अर्धा तसाच टाकायचा, कुकरमधल्या पाण्यासकट. क्रीम वगैरे काही नको, दाटपणा घोटलेल्या राजम्याचा. मीठ घालून खळखळ उकळी आली की दीड वाटी छोटा पास्ता त्यातच सोडायचा. वेगळा उकडून पाणी ओतून देणारे लोक सूपचा अर्धा जीव मोरीत घालवतात, हे माझं ठाम मत आहे. वरून मिरपूड. चीज असलं तर ठीक, नसलं तर शिळा पाव भाजून घ्या. आमचा चौघांचा मिळून खर्च सव्वाशेच्या आत.

राजमा महाग वाटला तर चवळी घ्या. हे काही भ्रष्ट रूप नव्हे हं! राजमा युरोपात गेला तोच मुळी 1492 नंतर, अमेरिकेतून. त्याआधी इटलीत चवळीच खायचे.

आईला फोनवर मोठ्या उत्साहाने सगळं सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे चकोल्याच की रे!” आता यावर काय बोलणार? :)

गेल्या शनिवारी राजमा त्यानेच भिजत घातला होता. सूपही त्यानेच केलं. मीठ जरा जास्त पडलं होतं, पण पातेलं साफ झालं.