नाव नव्हे, काम पाहा!

नोकरभरतीची वेळ आली की कारखानदारांकडून आणि कंपन्यांच्या चालकांकडून एकच रडगाणे ऐकू येते : 'लायक माणसे मिळत नाहीत!' पदव्यांची भेंडोळी काखोटीला मारून दारोदार हिंडणाऱ्या तरुणांची या देशात वानवा आहे काय? वानवा आहे ती पारखणाऱ्या नजरेची. आणि तिचा जाब मनुष्यबळ विभागांनीच दिला पाहिजे.

हा आरोप आम्ही हवेत करीत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज धाडून पाहिले. फरक होता तो केवळ नावांचा. २००७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष मान खाली घालावयास लावणारा आहे. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या मानाने बोलावणे येण्याचा संभव दलित नावाला सुमारे दोनतृतीयांश आणि मुसलमान नावाला अवघा एकतृतीयांश! गुणांची कदर ती हीच काय?

बरे, बोलावणे आलेच, तर पुढे मुलाखतीचा फार्स. गाव कोणते, वडील काय करतात, असल्या गप्पांतून साहेबांना जो 'आपल्यातला' वाटेल, तो निवडला जातो. पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये आजवरच्या संशोधनाचा फेरहिशेब मांडला. मुलाखतीतील गुण आणि पुढे प्रत्यक्षात दिसलेले काम यांचा मेळ अशा सैल मुलाखतीत ०.१९ इतकाच भरतो; प्रश्न आधी ठरवून सर्वांना तेच विचारले, तर तो ०.४२ वर जातो. पूर्ण मेळ म्हणजे १, हे ध्यानात घेता ठरीव मुलाखतही रामबाण नव्हे. पण दुपटीहून अधिक लाभ पदरात पडत असता तो लाथाडण्यात शहाणपण कसले?

म्हणून आमचे सांगणे सरळ आहे. जाहिरातीत काम आणि पगार स्वच्छ लिहा. पहिल्या छाननीत अर्जावरील नाव झाका. सर्वांना तेच प्रश्न विचारा, आणि परीक्षकांनी आपसांत बोलण्यापूर्वी गुण कागदावर मांडावेत. हिशेबनीस हवा असेल, तर त्याच्याकडून हिशेब लिहवून पाहा. ज्याला नाकारले, त्यालाही दोन ओळींचे उत्तर धाडा. तो दारी आलेला याचक नव्हे.

यास खजिना लागत नाही. लागते ती आपली मर्जी आवरण्याची तयारी. ज्यांना ती दाखवावयाची नाही, त्यांनी निदान माणसे मिळत नाहीत ही हाकाटी तरी बंद करावी!