नेब्युलायझर लावला, बिल घेतले का?

थंडी सुरू झाली की नालासोपारा-विरारच्या दवाखान्यांत संध्याकाळी नेब्युलायझरचे मशीन थांबत नाही. दम्याचे आजी-आजोबा, छाती भरलेली लेकरे. दहा-पंधरा मिनिटांची वाफ, आणि हातात एक चिठ्ठी: ‘एकूण’ आणि पुढे आकडा. भगिनींनो, ही चिठ्ठी पुढे कामाला येत नाही.

पक्के बिल मागा. त्यावर रुग्णाचे पूर्ण नाव, तारीख, आजाराचे नाव, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. तपासणी फी, मशीन लावण्याचे पैसे आणि औषध वेगवेगळे लिहिलेले हवेत. साल्ब्युटामॉल, ब्युडेसोनाइड यांच्या कुप्या छापील किमतीला मिळतात. औषधाचा आकडा त्याहून जास्त असेल तर विचारा.

साध्या मेडिक्लेममध्ये दवाखान्यातील वाफेचा खर्च सहसा मिळत नाही. ओपीडीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. दाव्यासाठी बहुधा २४ तास दाखल राहावे लागते. मात्र अब्बांना त्याच आजारासाठी पुढे दाखल करावे लागले, तर अनेक पॉलिसींत आधीच्या ३० दिवसांचा खर्चही धरतात. तेव्हा हेच बिल लागते. इस्पितळ आजाराचा संकेतांक लिहिते: दम्याचा जे४५, सीओपीडीचा जे४४. दवाखान्याच्या बिलावर नुसते ‘खोकला’ असेल, तर दोन्हींचा मेळ बसत नाही.

कोणी म्हणेल, “एक रात्र दाखल दाखवू, पैसे निघतील.” नको. खोट्या कागदावर दावा तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. मग खरोखर दम लागेल त्या रात्री हात रिकामे. आणि तो पैसा हलालही नाही.

खाटा असलेल्या खासगी इस्पितळांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी, असा महाराष्ट्राचा जानेवारी २०२१ पासूनचा नियम आहे. फलक दिसला नाही तर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार करता येते. बिलाबाबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. विमा कंपनीविरुद्ध आधी कंपनीला लेखी कळवा, ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही.

कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. बिल मागणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. घरात एक फाइल करा, प्रत्येक बिल तारखेप्रमाणे लावा, आणि दम लागलाच तर आधी उपचार, मग कागद.