रजनी एकटीच का लढते?

१९८५ साली दूरदर्शनवर बासू चटर्जी यांची ‘रजनी’ ही मालिका आली आणि प्रिया तेंडुलकर यांनी साकारलेली ती गृहिणी घरोघरी ओळखीची झाली. गॅसच्या सिलिंडरपासून टॅक्सीवाल्याच्या नकारापर्यंत, जिथे अडवणूक होईल तिथे ती पदर खोचून उभी राहत असे. सोशिकपणालाच स्त्रीचा दागिना मानणाऱ्या पडद्यावर हे नवे होते.

बुलढाणा जिल्ह्याला मात्र ते नवे नव्हते. येथल्याच ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषांच्या दुटप्पी नीतीची सालटी काढली होती आणि जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले होते. रजनीची जीभ त्याच कुळातली.

परंतु रजनीच्या स्वातंत्र्याची मर्यादा सहसा कोणी ध्यानात घेत नाही. तिचे प्रतिपक्षी तिच्या पोटावर पाय देऊ शकत नव्हते. टॅक्सीवाला कितीही चिडला तरी तिच्या घरातली भाकरी त्याच्या हातात नव्हती. सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीडच्या शिवारात सोयाबीन सोंगणाऱ्या किंवा कापूस वेचणाऱ्या बाईने गड्याइतकी मजुरी मागितली, तर दुसऱ्या दिवशी तिला कामाचे बोलावणेच येत नाही. तिचा आवाज रजनीपेक्षा लहान आहे असे मुळीच नाही. त्या आवाजाची किंमत तिला त्याच संध्याकाळी मोजावी लागते. दर १२ जानेवारीला जवळच्या सिंदखेडराजात जिजाऊंचा जयजयकार होतो. जिजामातेच्या नावाचा सहकारी साखर कारखानाही दुसरबीडला निघाला आणि बंद पडला. कारखान्याला मातेचे नाव देताना कोणाचा हात थरथरत नाही, सातबाऱ्यावर बायकोचे नाव चढवताना मात्र थरथरतो.

मालिकेच्या एका भागावरून टॅक्सीचालकांनी निषेध केला. ही बाब कार्यकर्त्यांनी विसरू नये. टॅक्सीचालक एकत्र आले. रजनीच्या मागे लेखकाने लिहिलेला शेवट तेवढा होता. वास्तविक त्याच मुंबईत १९७२ पासून महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या झेंड्याखाली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. मालिकेने त्या गृहिणींपैकी एकीला उचलले आणि मोर्चा गाळला. प्रेक्षकाला एकटी शूर बाई आवडते. तिला टाळी देऊन घरी बसता येते, मोर्च्यात मात्र स्वतः चालावे लागते.

दुष्काळानंतरच्या रेट्यातून आलेल्या रोजगार हमीच्या १९७७ च्या कायद्याने बाईला आणि पुरुषाला एकाच कामाचा एकच दर मान्य केला. खाजगी शेतांत तो आजही सर्रास नाकारला जातो. दुसरबीडच्या शेतमजूर बायांनी आपला दर एकत्र बसून ठरवावा आणि तो कबूल होईपर्यंत एकीनेही विळा हाती घेऊ नये, यासाठी तालुक्यातील कार्यकर्त्यांनी सोंगणीच्या आधीच वस्त्यावस्त्यांत बैठका लावायला हव्यात.