तारण काय देतोस?



माझ्या पाळीतल्या एका गड्यानं भंगारातलं लोखंड जोडून हातगाडी बनवली. दोन्ही बाजूंना तीन-तीन चाकं. भरली गाडी पायऱ्या चढते. गोदीत पोत्यांखाली पाठ मोडलेल्या माणसाच्याच डोक्यातून असली गाडी निघते. सूटवाल्यानं केलं की ते ‘इनोव्हेशन’. आपण केलं की जुगाड!

१६ जानेवारी २०१६ला सरकारनं स्टार्टअप इंडियाचा नगारा वाजवला. १०,००० कोटींचा फंड, नफ्यावर तीन वर्षं करमाफी. पण लेको, करमाफी त्याला, ज्याला नफा झाला. आणि फंडाचा पैसा थेट येत नाही. तो भांडवलवाल्यांच्या फंडांतून झिरपतो. तिथं ओळख लागते. आपली ओळख कुणाशी? मुकादमाशी!

५ एप्रिल २०१६ला स्टँड-अप इंडिया आली. बँकेच्या दर शाखेनं किमान एका दलित वा आदिवासीला आणि एका बाईला १० लाख ते १ कोटी कर्ज द्यायचं. योजना २०२५पर्यंतची. कागद चांगला होता, मी नाकारत नाही. तारणाऐवजी सरकारी हमीची सोयही होती. पण खर्चाचा किमान १० टक्के वाटा पदरचा. म्हणजे लाखाच्या वर रोकड. रोजंदारीवाल्यानं कुठून आणायची? तरी गडी एका शाखेत गेला. मी सोबत होतो. साहेबानं गाडीचा फोटो बघितला नाही. आडनाव वाचलं, वस्तीचं नाव वाचलं. विचारलं, “तारण काय देतोस?”

१९१७ साली परदेशातून परतल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअरव्यवहाराचा सल्ला देण्याचा धंदा काढला होता. गिऱ्हाइकांना जात कळली, धंदा बसला. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला माणूस! अक्कल होती, शिक्षण होतं. आडवी आली ती जात. ती आजही काउंटरच्या पलीकडं बसलीय.

२०२५च्या बजेटात नवी घोषणा झाली: पहिल्यांदाच धंद्यात उतरणाऱ्या ५ लाख बाया, दलित, आदिवासींना पाच वर्षांत २ कोटींपर्यंत कर्ज. टाळ्या नंतर वाजवू. आधी प्रत्येक शाखेनं दारात फळा लावावा: आमचे अर्ज किती आले, किती मंजूर, किती नामंजूर आणि का. नाही लावत? माहिती अधिकाराचा कायदा २००५पासून आहे, सरकारी बँकांना तो लागू आहे. आपापल्या वस्तीजवळच्या शाखेत अर्ज टाका. लेखी उत्तर घ्या.

भीक नको. हिशेब मागा.

जय भीम!