ट्रॉफीच्या पुढे काय?

उन्हाळा लागला की आपल्या मोहल्ल्यांत टेनिस बॉल क्रिकेटच्या नाइट टुर्नामेंट सुरू होतात. दिवे, मंडप, लाउडस्पीकरवर कॉमेंट्री, पाहुणे म्हणून नगरसेवक आणि विजेत्यांना रोख बक्षीस. पहाटे सामना संपतो. दुपारी तीच मुले पुन्हा नाक्यावर उभी असतात.

खेळातून नोकरी म्हटले की शासकीय सेवेतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण आठवते. पण ते वरच्या स्पर्धांत चमकलेल्यांसाठी आहे. गल्लीत खेळणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला ते येत नाही. मग खेळ त्यांच्या कामाचा नाही का?

आहे. मुंबईत १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘मॅजिक बस’ने खेळातून गरीब मुलांना जोडले आणि पुढे तरुणांना कौशल्य-प्रशिक्षण देऊन नोकरीपर्यंत नेण्याचे काम हाती घेतले. मुले व्याख्यानाला येत नाहीत, मैदानावर रोज येतात. तिथे वेळ पाळणे, हार पचवणे, ऐकून घेणे अंगवळणी पडते. मालकाला तरी दुसरे काय हवे असते?

२००६ च्या सच्चर अहवालाने दाखवले की मुसलमान पगारी नोकऱ्यांत कमी आणि छोट्या स्वयंरोजगारात जास्त आहेत. गॅरेज किंवा हातगाडी चालवणारा बाप मुलासाठी कोणत्या ऑफिसात शब्द टाकणार? तो शब्द टाकणारा माणूस मैदानावरचा प्रशिक्षक होऊ शकतो.

पोलीस भरतीचेच घ्या. शिपाईपदाच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. आपली मुले धावण्यात कमी नाहीत. अडते ते लेखी परीक्षेतल्या मराठी व्याकरणावर, विशेषतः उर्दू माध्यमातून आलेल्यांचे. मग सकाळी धावण्याचा सराव आणि संध्याकाळी तासभर मराठी, असे एका मैदानाभोवती का होऊ नये?

आणि मुली? मुंब्र्यात ‘परचम’ने २०१२ पासून मुलींना फुटबॉलच्या मैदानावर आणले. पैगंबरांनी (स.) हजरत आयेशा (र.) यांच्यासोबत धावण्याची शर्यत लावल्याची नोंद हदीसमध्ये आहे, हे नाके मुरडणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

खेळ नोकऱ्या निर्माण करत नाही. कारखाने बंद असतील, भरती थांबली असेल, भेदभाव होत असेल, तर त्याचा जाब सरकारलाच विचारायला हवा. पण भरती निघेल तेव्हा आपली मुले तयार असतील की नाही, हे आपल्या हातात आहे. जमाती, ट्रस्ट आणि टुर्नामेंट भरवणाऱ्या मंडळांनी यंदा एका रात्रीच्या रोषणाईचा खर्च वाचवून वर्षभराचा एक प्रशिक्षक आणि एक शिक्षक नेमून पाहावा. ट्रॉफी थोडी लहान झाली तरी चालेल.